बंदुकीच्या पाठीवरची चार भोकं

अन्याय झाला तो चांद्याच्या बाजारात बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीवर, आणि झाला तो गेल्या सालच्या धुळवडीच्या सकाळी, लोक एकमेकांच्या तोंडाला राख फासत होते तेव्हा. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यानंतरची ती पहिलीच होळी. कचेरीतला शिपाई आला, त्यानं मिस्त्रीच्या दुकानाला कुलूप घातलं, कुलपावर चिंधी गुंडाळली, लाख वितळवली आणि शिक्का मारला. मिस्त्री तोंडावरची राखही न पुसता बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "काऊन?"

शिपाई म्हणाला, "वाघ चुकला म्हणून."

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. मी समोरच्या छापखान्याच्या पायरीवर उभी होते. नागपूरला कॉलेजात दोन वर्षं काढून मी परत आले होते, घरच्यांच्या मते बिघडून, आणि आम्ही काही जण मिळून पत्रकं काढत होतो. सागाच्या डेपोवरची मजुरी, शिकारीच्या हाक्यातली बेगार, असे आमचे विषय. त्या सकाळी मी त्या लाखेच्या शिक्क्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हे पत्रक तर दुपारपर्यंत लिहून होईल.

झालं नाही. कारण भोक ढिलं असणं म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं.

तक्रार अशी होती. वैनगंगेपलीकडच्या जंगलात शिकारीचे ब्लॉक घेऊन परदेशी पाहुण्यांना वाघ दाखवणारी एक कंपनी होती. तिच्या एका पाहुण्याची बंदूक अमेरिकन, दुर्बीणही अमेरिकन, पण दोन्ही वेगवेगळ्या. बंदुकीवर दुर्बीण बसवायची तर नळीच्या मागचं पोलादी घर असतं ना, ज्यात बोल्ट पुढंमागं सरकतो, त्याच्या पाठीवर चार भोकं पाडायची. भोकांत आटे कापायचे, स्क्रूंनी एक पट्टी घट्ट बसवायची आणि पट्टीवर दुर्बीण. माघात मिस्त्रीनं हे काम करून दिलं. फाल्गुनात पाहुणा मचाणावर बसला, दोन गोळ्या झाडल्या, आणि वाघ जसा आला तसा, घाई न करता, निघून गेला. दुर्बिणीला हात लावून पाहिलं तर ती हलत होती. कंपनीच्या मॅनेजरनं लिहून दिलं की मिस्त्रीनं भोकं ढिली पाडली आणि पाहुण्याचा जीव धोक्यात घातला. पाहुण्याच्या अंगावर मचाणावरच्या मुंग्यांखेरीज काही चढलं नव्हतं. पण परवाना थांबवला गेला, दुकान सील झालं, चौकशी होईपर्यंत. चौकशी कोण करणार, हे हुकमात कुठंच म्हटलेलं नव्हतं. बाजारात म्हणायला लागले, वाघ वाचला अन् मिस्त्री मेला.

मी मिस्त्रीच्या घरी गेले तेव्हा तो ओट्यावर बसून जळक्या विडीशी भांडत होता. माणूस गोड नव्हता. आपल्यासारखा हात गोदावरीपर्यंत नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ज्यानं मान डोलावली नाही त्याला दारातून परत पाठवायचा. मला म्हणाला, "बाई, तुमचं पत्रक वाचून वाघ परत येते का?"

मी म्हटलं, वाघाचं राहू द्या, भोक ढिलं म्हणजे काय ते सांगा. ते ढिलं आहे की घट्ट, हे कसं कळतं?

तो उठून आत गेला. मग चुलीतला कोळसा घेऊन ओट्यावरच चित्र काढायला लागला. एक खड्डा, खड्ड्याच्या भिंतीवर जिन्यासारख्या पायऱ्या, त्यात उतरणारा स्क्रू. पायऱ्या उंच असतील तर स्क्रू धरून राहतो. खड्डा जरा मोठा झाला की पायऱ्या बुटक्या राहतात. दिसायला सगळं ठीक, स्क्रूही मजेत उतरतो, पण बंदुकीचा चार वेळा धक्का बसला की पायऱ्या चुरून जातात. "हे एवढं म्हणजे ढिलं," तो म्हणाला. "अन् माह्या भोकात हे नाई. समजलं? लिवा आता."

मी लिहिलं नाही. मला ते बघायचं होतं.

परवान्याचं काम पाहणारा साहेब आमच्याशी तुसडेपणानं वागला नाही, हे खरं असल्यामुळे लिहिते. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, पाहुणा आपली बंदूक घेऊन गेला, ती बघता येत नाही. पण कंपनीनं तक्रारीसोबत तसलीच एक जास्तीची पट्टी आणि तिचे स्क्रू दिलेत, आणि मालखान्यात फुटक्या नळीची एक जुनी बंदूक पडून आहे. ही पट्टी त्या बंदुकीवर माझ्यासमोर बसवून दाखवा. नीट बसली तर मी वर लिहीन.

मिस्त्री म्हणाला, "माही हत्यारं द्या मग."

"ती सीलबंद आहेत."

"मंग भोकं दातानं पाडू का?"

साहेब हसला नाही. म्हणाला, हत्यारं कुठूनही आणा, तो तुमचा प्रश्न. पट्टी, स्क्रू बरोबर न्या, सही करा. एक स्क्रू जास्तीचा आहे, तो चाचणीला वापरलात तरी चालेल.

असा अन्याय मी पहिल्यांदाच पाहत होते. माणसाचा हात तपासायचा, पण त्याची बोटं कपाटात ठेवून. मिस्त्रीची ती हत्यारं बापापासूनची होती. प्रत्येक स्क्रूच्या खाचेसाठी वेगळा घासलेला पेचकस होता, खाचेत असा बसायचा की फिरवताना खाचेच्या कडेला ओरखडाही उठायचा नाही. ते सगळं त्या लाखेच्या आड. आता नवी हत्यारं निवडायची होती, आणि परवाना राहणार की जाणार हे त्या निवडीवर होतं. मी म्हटलं, मी बरोबर येते. तो म्हणाला, या, पण प्रश्न कमी विचारा. हे मला जमलं नाही.

लोखंडाच्या दुकानात त्यानं सगळ्यात आधी ड्रिल घेतला. एक सुताचा, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. स्क्रूपेक्षा जरा बारीक, बाजारात मिळणारा, धारदार. मी विचारलं, हाच का? म्हणाला, दुसरा बारीक मिळून नाई राह्यला म्हणून हाच. हे उत्तर मला पटलं नाही. टॅप मात्र मिळालाच नाही, आणि माघात वापरलेला सीलबंद दुकानात अडकला होता. टॅप म्हणजे भोकात आटे कापायचं हत्यार, अंगावर नाल्या पाडलेल्या स्क्रूसारखं. दुकानदारानं इंग्रजी मापाचे सगळे टॅप समोर ओतले. मिस्त्रीनं तो अमेरिकन स्क्रू एकेकाशी लावून पाहिला आणि सगळे परत ढकलले. अमेरिकन आटे फार जवळजवळ, दाट, बाजरीच्या कणसासारखे. इंग्रजी टॅपचे आटे त्यामानानं विरळ. अशा भोकात हा स्क्रू दोन फेरे जाईल आणि मग हट्टानं बसेल. नागपूरलाही मिळणार नाही, मुंबईला मिळाला तर मिळाला.

म्हणून आम्ही गाडीनं माजरीला गेलो. तिथल्या कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्रीच्या बायकोचा मावसभाऊ फिटर होता. दोघांचं नातं असं की भेटल्याबरोबर भांडण सुरू होणार हे ठरलेलं.

"या भाटवे," फिटर मेहुण्याला म्हणाला. "वाघ कुठी हाय?"

"तुह्या बहिणीनं पाळला हाय घरी," मिस्त्री म्हणाला, आणि पट्टी टेबलावर ठेवली.

फिटरनं एक सुताचा ड्रिल बघितल्याबरोबर मान हलवली. हा मोठा पडतो म्हणाला, यानं पायऱ्या अर्ध्याच राहतील. मिस्त्री चिडला. मग त्याला काय वापरू, खिळा? फिटरनं कपाटातून एक डबी काढली. खाणीत बसवलेल्या जर्मन पंपाबरोबर आलेली. त्यात मिलिमीटरच्या मापाचे ड्रिल होते. त्यातला तीन मिलिमीटरचा त्यानं उचलून एक सुताच्याशेजारी धरला. मला दोन्ही सारखेच दिसले. मी तसं म्हटलं. फिटर म्हणाला, ताई, डोळ्यानं नाही दिसत, बोटानं बघा. मी दोन्ही चिमटीत फिरवले. खरंच, एक जरा बारीक होता, केसाच्या दोन-चार जाडीनं असेल. बाजारात तेव्हा नवे पैसे नुकतेच आले होते आणि सगळे वैतागले होते. मिस्त्री म्हणाला, "पैसा नवा, राज्य नवं, आता मापबी नवं. जुनं काय राह्यलं? साळा राह्यला."

फिटरनं लेथवर एका तुटक्या ड्रिलच्या दांड्यापासून टॅप कापून दिला. चकचकीत, सरळ, शहाण्या मुलासारखा. मग एका भंगार पट्ट्यावर त्यांनी दोन्ही ड्रिलनं एकेक भोक पाडलं. एक सुताच्या भोकात टॅप लोण्यात गेल्यासारखा गेला, आणि मिस्त्री खूश झाला. तीन मिलिमीटरच्या भोकात तो कण्हत, थांबत, मागे येत गेला. मला वाटलं, सोपं तेच बरं. फिटरनं दोन्ही भोकांत स्क्रू लावले, त्यांच्या डोक्याखाली पहारीचं टोक घातलं आणि माझ्या हातात पहार दिली. म्हणाला, दाबा.

सोप्या भोकातला स्क्रू माझ्या दाबानं उपटून आला. त्याच्या आट्यांत लोखंडाचा चुरा अडकला होता, दातात अडकलेल्या सुपारीसारखा. दुसरा हलला नाही. मी पूर्ण वजन टाकलं, पाय उचलले, तरी नाही. हे मी केलं होतं, माझ्या हातांनी, आणि मला इतकं नवल वाटलं की पत्रक वगैरे त्या क्षणी डोक्यात राहिलं नाही. दोन-चार केसांच्या जाडीवर हे सगळं उभं आहे, दुर्बीण, गोळी, वाघ, मिस्त्रीचा परवाना.

मिस्त्रीनं आपला ड्रिल खिशात टाकला. "माघातबी मी तीनचाच लावलो होतो," तो म्हणाला. फिटर म्हणाला, मग आज हा कशाला आणला? मिस्त्री म्हणाला, "तुले पारखून राह्यलो होतो." फिटरनं माझ्याकडे पाहून डोळा मारला. माघातला ड्रिल मिस्त्रीनं याच डबीतून नेला होता आणि परत दिला नव्हता, म्हणून आज डबीत त्या मापाचा एकच उरला होता.

पण भानगड तिथं संपली नाही. जो स्क्रू घट्ट बसला तो शेवटपर्यंत जातच नव्हता. डोकं वर राहायचं. फिटर म्हणाला स्क्रूच वाईट. मिस्त्रीनं तो स्क्रू आणि तो चकचकीत टॅप शेजारी शेजारी धरले, एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत बसवले आणि दाराच्या उजेडाकडे नेले. "या बाई. तुम्हाले लय प्रश्न पडतेत ना. बघा."

मी बघितलं. आट्यांत आटे बसले होते, अंतर बरोबर होतं. पण प्रत्येक घळीत उजेडाची एक बारीक फट दिसत होती, सगळीकडे सारखी. फिटरनं बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. इंग्रजी आट्याचा उतार जरा उभा असतो, अमेरिकन आट्याचा जरा पसरट. त्यानं सवयीनं हत्यार इंग्रजी उताराचं घासलं होतं. इतकी वर्षं इंग्रजांची यंत्रं, हात तरी दुसरं काय शिकणार. पुन्हा कापून देतो म्हणाला, पण तेवढ्यात पंपाच्या कामासाठी लेथ मागितला गेला आणि त्याला जावं लागलं.

मग मिस्त्रीनं तो जास्तीचा स्क्रू घेतला. त्याच स्क्रूच्या अंगावर कानशीनं तीन नाल्या पाडल्या, टोक जरा निमुळतं केलं, भात्यावर लाल करून तेलात बुडवला, आणि मग पुन्हा हळूहळू तापवत त्यावर वाळल्या गवताचा रंग येईपर्यंत थांबला. स्क्रूचाच टॅप झाला. जो भोकात बसणार, त्यानंच भोक शिकवायचं. दिसायला तो कुरूप होता, एक नाली तर वाकडीच गेली होती. उजेडात धरला तेव्हा फट नव्हती. चकचकीत आणि कुरूप अशा दोन टॅपमधून त्यानं कुरूप निवडला. तीनचा ड्रिल फिटरनं जाताना देऊन टाकला होता; चकचकीत टॅप मात्र मिस्त्रीनं परत न देता खिशात घातला, हेही लिहून ठेवते.

परतताना गाडीत तो म्हणाला की आता फक्त तेल राहिलं.

तेलही निवडावं लागतं, हे मला नवीन होतं. ड्रिलला आणि टॅपला तेल पाजत राहावं लागतं, नाहीतर लोखंड लोखंडाला चिकटतं आणि टॅप भोकात मोडतो. मोडला की संपलं, तो निघत नाही. एकुलता एक टॅप, तोही कठीण आणि ठिसूळ. मिस्त्रीचं म्हणणं असं की यंत्राचं पातळ तेल इथं चालत नाही, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, जाड तेल पाहिजे. आणि चांद्याच्या बाजारात मिळतं त्यात भुईमुगाचं तेल मिसळलेलं असतं. चांगलं तेल नदीपलीकडे, कंपनीच्या शिकारीला माणसं देणाऱ्या गावात मिळतं. मिस्त्रीला तसंही त्या गावात जायचंच होतं. वाघ खरोखर कसा चुकला हे त्याला त्या लोकांच्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मलाही.

चैत्रात वैनगंगेला घोटाभर पाणी. बैलबंडीनं पार झालो. गडचिरोली तहसिलीतलं ते जंगलगाव, नाव मी लिहीत नाही. सगळीकडे मोहफुलं वाळत घातलेली, हवेत तो गोड आंबूस वास. कंपनीच्या शिकारीत बंदुका सांभाळणारा, माग काढणारा एक म्हातारा तिथं राहतो. आम्ही जोहार केला. त्यानं बाज टाकली, पाणी दिलं, आणि तेल मागितल्यावर आत जाऊन मातीचं मडकं घेऊन आला. मिस्त्रीनं बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, हुंगलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, दुसऱ्याच्या मालाला चांगलं म्हटलं.

म्हातारा खूश झाला. म्हणाला, "त्या तुमच्या बंदुकीलेबी हेच लावलो होतो."

मिस्त्रीनं मडकं बाजूला सरकवलं.

मी विचारलं, कोणत्या बंदुकीला, आणि कुठे लावलं?

म्हाताऱ्यानं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. मोठ्या शिकारीआधी गावाच्या पेनठाण्यात, म्हणजे देवाच्या जागी, सगळी हत्यारं मांडतात. हत्यार देवापुढे उघडं ठेवायचं. धनुष्याची दोरी उतरवायची, कुऱ्हाडीची चिंधी सोडायची, बंदुकीचा पट्टा आणि खोळ काढायची. हत्याराच्या अंगाला बांधलेलं काही देवापुढे नको, तेवढं आधीपासून चालत आलेलं. आणि या बंदुकीला तर नवा डोळा बसवलेला. मॅनेजरच म्हणाला, करा तुमची पूजा, पाहुण्याला बघायची आहे. मग म्हाताऱ्यानं दुर्बीण काढली, खालची पट्टीही काढली. बंदूक वेगळी, डोळा वेगळा, दोन्ही देवाला दाखवले. तेल आणि शेंदूर लावला, भोकांतही थोडा, कारण तीही नवीन होती. मग परत बसवलं.

"कशानं?" मिस्त्रीनं विचारलं.

म्हाताऱ्यानं कमरेचा चाकू काढून दाखवला. त्याचं टोक.

मिस्त्री उठला, अंगणात दोन चकरा मारून आला, आणि पुन्हा बसला. मला वाटलं आता तो शिव्या देणार. तेलानं माखलेल्या आट्यांत स्क्रू, तेही चाकूच्या टोकानं फिरवलेले. पहिल्या धक्क्याला हलणारच. माझ्या डोक्यात तर सगळी आग मॅनेजरवर पेटली होती. तो तिथं उभा होता. पाहुणा फोटो काढत होता, म्हाताऱ्यानं सांगितलं, आणि मॅनेजर त्याला कुठून चांगला येईल ते दाखवत होता. पट्टी निघताना त्यानं पाहिली, बसताना पाहिली, आणि तक्रारीत त्यातलं अक्षर नाही.

मिस्त्रीनं मात्र एवढंच विचारलं, "काढताना घट्ट होते का स्क्रू?"

म्हातारा हसला. "लय घट्ट. चाकूचं टोक मुडपलं. हे पाहा ना."

टोक खरंच मुडपलेलं होतं. मिस्त्रीनं तो चाकू हातात घेतला आणि नातवंड धरावं तसा धरून बसला. मुडपलेलं टोक म्हणजे माघातली भोकं घट्ट होती. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक त्याला कुणी दिलं नव्हतं.

मी म्हाताऱ्याला सांगितलं की हे साहेबासमोर सांगावं लागेल. त्यावर मिस्त्रीच मध्ये पडला. गावाला कंपनीचं काम मिळतं, बोलला तर बंद होईल, कशाला त्याच्या पोटावर पाय. मिस्त्रीत आणि माझ्यात थोडा वाद झाला. शेवटी म्हातारा म्हणाला, "मी देवाले दाखवलो. चोरी नाई केलो. येतो मी."

आणि तो आला.

वैशाखात कचेरीच्या व्हरांड्यात ती चाचणी झाली. फुटक्या नळीची बंदूक शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, लाकडाच्या तुकड्यांमध्ये धरली. मिस्त्रीनं आधी पट्टी ठेवून बघितली, पुन्हा बघितली, दोऱ्यानं मधली रेषा काढली. साहेब घड्याळ बघायला लागला तरी त्यानं घाई केली नाही. पोलादाची वरची साल कठीण असते म्हणून ती दगडानं तेवढ्या जागी घासून काढली, मग टोचा मारला, मग तीन मिलिमीटरचा ड्रिल हातानं फिरवला. तेल टाकत राहिला, भुसा निघत राहिला, बारीक, कुरळा. मला आता कळत होतं की हा कुरळेपणा चांगला. मागची भोकं आरपार, खाली बोल्टाचं घर पोकळ. समोरचं, नळीकडचं भोक मात्र आरपार चालत नाही, कारण त्याच्या खाली काडतूस बसतं. ते बंदच ठेवायचं, तळापर्यंत आटे मात्र हवेत. निमुळत्या टोकाचा टॅप तळापर्यंत कापत नाही. म्हणून त्यानं सगळ्या भोकांत आधी निमुळत्या टोकानं आटे सुरू केले, बाकीची पूर्ण केली, आणि मग टॅपचं नाक दगडावर घासून सपाट केलं. आता परत जायची वाट नव्हती. नाक गेलेला टॅप नवीन भोक सुरू करू शकत नाही. काही चुकलं असेल तर ते तसंच राहणार होतं.

समोरच्या भोकात टॅप चरकला. मिस्त्री थांबला. मागे फिरवला, बाहेर काढला, कापसानं पुसला, म्हाताऱ्याच्या तेलाचा थेंब सोडला, आणि पुन्हा उतरवला. पाव फेरा पुढे, तेवढाच मागे. मग त्यानं टॅप काढला, भोकं रॉकेलनं धुऊन कोरडी केली, हे त्यानं मुद्दाम साहेबाकडे बघत केलं, आणि पट्टी ठेवून स्क्रू साहेबाच्या हातात दिला.

साहेबानं बोटांनीच फिरवला. स्क्रू शेवटपर्यंत गेला, डोकं पट्टीत बुडालं. मग चारही स्क्रू पेचकसानं आवळले. साहेबानं पट्टी धरून बंदूक शेगड्यासकट हलवली. पट्टी हलली नाही.

"बसली," साहेब म्हणाला.

मग म्हाताऱ्यानं आपलं सांगितलं, चाकू दाखवला. साहेबानं तेही ऐकलं. आणि जे बोलला त्यावर मला आजही राग आहे, पण उत्तर सापडत नाही. म्हणाला, तुम्ही आज चांगली भोकं पाडलीत, याबद्दल माझी शंका नाही. पण त्या बंदुकीतली भोकं कशी होती, हे आजच्या भोकांवरून ठरत नाही. बाबांनी चाकूनं बसवल्यामुळे ती ढिली झाली, की आधीच बिघडलेली होती, हे ती बंदूक उघडल्याशिवाय कसं सांगू? बंदूक आणा.

मिस्त्री म्हणाला, "सील करायच्या आधी उघडली होती का कुणी?"

साहेबानं तक्रारीचा कागद पुन्हा उलटून बघितला. उघडली नव्हती. एका माणसाचं पोट बंद करताना एक स्क्रू उघडायची कुणाला गरज वाटली नाही, आणि ते पुन्हा सुरू करायला मात्र तोच स्क्रू पाहिजे. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

वर्ष झालं. कंपनीनं पलीकडचे ब्लॉक सोडले, मॅनेजर निघून गेला, त्यामुळे म्हाताऱ्याचं हे सगळं लिहायला आता हरकत नाही. त्यानंच सांगितलं, लिवा. लाखेचा शिक्का उन्हानं तडकला, पण कुलूप तसंच आहे. मिस्त्री घराच्या ओट्यावर कंदील आणि शिवणयंत्रं दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांशी भांडतो. तो कुरूप टॅप मला दाखवताना म्हणाला, "हा पाहा. एवढा चांगला झाला, अन् आता याले भोकच नाई."

आणि ती बंदूक परदेशी गेली नाही. पाहुण्यानं जाताना ती इथल्याच कुणाला तरी विकून टाकली, असं पक्कं कळलं आहे. नागपूरकडे असेल, वर्धा-यवतमाळकडे असेल. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात, कपाटात, तुमच्या मामाच्या भिंतीवर ती आहे.

दुर्बीण बसवलेली अमेरिकन बंदूक तुमच्या माहितीत असेल तर आधी ती रिकामी आहे याची खात्री करा. दुर्बिणीखालच्या पट्टीच्या स्क्रूंची डोकी बघा. खाचेच्या कडा चाकूनं कुरतडल्यासारख्या दिसल्या तर समोरचा स्क्रू काढा, नीट बसणाऱ्या पेचकसानं, चाकूनं नाही. भोकात शेंदूर असेल, आणि शेंदराखाली उंच पायऱ्या. तो तसाच राहू द्या, पुसू नका. आणि ती बंदूक घेऊन चांद्याच्या कचेरीत या, साहेबासमोर ठेवा आणि म्हणा, आता बघा. पुढच्या धुळवडीआधी या. ती कुणाकडे आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर त्याला आजच विचारा.